परतीची वाट

मोटारगाडीच्या दुखण्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिला यांत्रिक दुखण्यांचा. ही दुखणी बोलकी असतात. बेअरिंग खराब झाले की ते घरघरू लागते, ब्रेकचे लायनर झिजले की ते किंचाळतात, रेडिएटर गळू लागला की जमिनीवर ओल उमटते. कान, डोळे आणि नाक शाबूत असलेल्या माणसाला ती फार काळ चकवू शकत नाहीत. दुसरा वर्ग विजेच्या दुखण्यांचा. वीज दिसत नाही, एखादी तार जळेपर्यंत तिचा वास येत नाही, आणि गाडीतील बारा व्होल्टची वीज हाताला झटकाही देत नाही. शिवाय तिचा स्वभाव असा की, दुखते एका जागी आणि कण्हणे ऐकू येते भलत्याच जागेवरून.

त्यातही गाडी दुसऱ्याच्या हातून आलेली असेल तर प्रकरण अधिक अवघड होते. नव्या गाडीचा पूर्वेतिहास कोरा असतो. जुन्या गाडीत मात्र कुणी कुठे तार जोडली, कुणी कुठली काढली, कुणी काळी टेप गुंडाळून वेळ मारून नेली, याचा लेखी वृत्तान्त कुणापाशीच नसतो. रुग्ण बोलत नाही, नातेवाईक गावाला गेलेले आणि जुने केसपेपर हरवलेले, अशा अवस्थेत डॉक्टरांनी निदान करावे, तसे ते काम असते.

अशा एका निदानाचा मी साक्षीदार होतो. त्या निदानावर एका तरुणाची नोकरी आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याचे नाव अवलंबून होते. म्हणूनच तो प्रसंग, तांत्रिक तपशिलांसह, वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

वसईच्या किनाऱ्यालगतच्या ज्या धर्मग्रामात मी तेव्हा होतो, तेथे चर्चच्या कामासाठी एक लहान पेट्रोल गाडी होती. 2005 साली कारखान्यातून बाहेर पडलेली ती गाडी आमच्याकडे 2017 च्या अखेरीस आली. विकणाऱ्याने तिला नवा रंग दिला होता. आतल्या गाद्या स्वच्छ होत्या, टायर बरे होते, किंमत आमच्या ऐपतीतली होती. मिशनच्या कामापेक्षा गावाच्याच कामाला ती अधिक येई. रात्री-अपरात्री कुणाची प्रकृती बिघडली की चर्चचे दार वाजायचे आणि गाडी बाहेर निघायची. 2018 च्या एप्रिलपासून ती चालवायला गावातलाच एक बावीस वर्षांचा मुलगा ठेवला होता. घरी विधवा आई आणि शिकणारी बहीण. पगार मोठा नव्हता, पण महिन्याच्या महिन्याला मिळत होता.

त्या वर्षीच्या जुलैत वसई-नालासोपारा परिसर कित्येक दिवस पाण्याखाली होता, हे अनेकांना आठवत असेल. आमची गाडी चर्चच्या उंच आवारात उभी असल्याने वाचली. मात्र ऑगस्टपासून तिने रुसायला सुरुवात केली. सकाळी चावी फिरवावी, तर सेल्फचा फक्त ‘कट्’ असा एक आवाज यायचा, समोरचे दिवे मंदावायचे आणि पुढे काहीच नाही. चार जणांनी धक्का दिला की गाडी सुरू व्हायची. मग दिवसभर बिनतक्रार धावायची, दुपारी इंजिन गरम असताना चावी फिरवली तर सेल्फही मुकाट्याने काम करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच खेळ. कधी सलग चार दिवस ठीक, तर पाचव्या दिवशी ठप्प.

याच्या जोडीला आणखी दोन विचित्र गोष्टी घडत होत्या. पण त्यांचा पहिल्या गोष्टीशी संबंध असेल असे कुणाच्या मनात आले नाही. एक म्हणजे, संध्याकाळी हेडलाइट लावले की इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा हळूच वर सरकायचा आणि दिवे मालवले की खाली यायचा. दुसरी, क्लच जड होत जायचा. दोन महिन्यांत क्लचची केबल दोन वेळा बदलावी लागली.

गाडी एका गॅरेजात दाखवली, मग दुसऱ्या. बॅटरी अर्धी उतरलेली आढळली म्हणून नवी बॅटरी बसवली. आठ दिवस बरे गेले. मग सेल्फ उतरवून त्याचे कार्बन ब्रश बदलले. तापमानाच्या काट्यासाठी थर्मोस्टॅट बदलला. एका ठिकाणी ‘पुराचे पाणी वायरिंगमध्ये शिरले असणार’ असा निष्कर्ष निघाला, यद्यपि गाडीने पुराचे पाणी पाहिलेही नव्हते. एकूण चौदा हजारांच्या आसपास खर्च झाला आणि गाडी होती तिथेच राहिली.

ऑक्टोबरमधल्या एका रात्री गावातल्या एका वृद्ध गृहस्थांना दम्याचा तीव्र झटका आला. गाडी सुरू होईना. त्या अवेळी धक्का द्यायला माणसे गोळा करण्यात पाऊण तास गेला असता. सुदैवाने नाक्यावर एक रिक्षा मिळाली आणि गृहस्थ वेळेत रुग्णालयात पोहोचले. ते वाचले. परंतु दुसऱ्या दिवसापासून गावात कुजबुज सुरू झाली, आणि त्या कुजबुजीला लवकरच एक दिशा मिळाली. आर्थिक मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी ती उघड बोलून दाखवली. बॅटरी उतरते याचा अर्थ रात्री काहीतरी चालू राहते. मुलगा गाडीत बसून गाणी ऐकत असणार, नाही तर दिवे मालवायला विसरत असणार. आधीच्या चालकाच्या काळात असे कधी झाले नव्हते. हा आला आणि दुखणे आले.

ऐकायला हा युक्तिवाद बिनतोड होता. सेमिनरीत तर्कशास्त्राच्या वर्गात आम्हांला एक लॅटिन वाक्य पाठ करायला लावीत: पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक. ‘त्याच्यानंतर घडले, म्हणून त्याच्यामुळे घडले’ अशा प्रकारच्या तर्कदोषाचे ते नाव. मुलगा एप्रिलमध्ये आला होता हे खरे, पण त्याच एप्रिलनंतर पावसाळाही आला होता, आणि पावसाळ्याला कामावरून काढण्याची सूचना कुणी मांडली नव्हती. बिघाडाचे कारण सापडेपर्यंत माणसाला दोषी ठरवायचे नाही, एवढाच आग्रह मी धरला. मंडळाने महिनाभराची मुदत दिली. महिन्याअखेर निर्णय होणार होता.

मुलाला हे कळले तेव्हा तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाला, “फादर, मी पंधरा दिवसांपासून रोज रात्री बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवून ठेवतो. सकाळी लावतो. तरी गाडी चालू होत नाही.”

या वाक्याचे खरे मोल मला तेव्हा पुरते उमगले नव्हते. ते उमगले नोव्हेंबरात, नालासोपाऱ्याहून एक वयस्क मिस्त्री आले तेव्हा. वयाच्या चौदाव्या वर्षी मामाच्या हाताखाली गाड्यांचे वायरिंग शिकलेले हे गृहस्थ. शाळा सातवीत सुटलेली. आल्याबरोबर त्यांनी बॉनेट उघडले नाही. गाडीच्या पायरीवर बसून चहा घेतला आणि मुलाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. सकाळीच होतं की दुपारीही? पाऊस असताना जास्त होतं का? धक्क्याने लगेच सुरू होते? टर्मिनल काढून ठेवल्याचे ऐकताच ते माझ्याकडे वळले. “फादर, मग रात्री वीज कुणी खात नाही. तार सुटलेली असताना खाणार कोण? पोराने अर्धं काम आधीच करून ठेवलंय.”

ज्याच्यावर आरोप होता, त्यानेच आरोप तपासण्याचा निर्णायक प्रयोग केला होता आणि त्याचा निष्कर्ष पंधरा दिवस कुणी विचारलाही नव्हता.

मग मिस्त्रींनी विचारले, कुठले पार्ट बदलले? मुलाने यादी सांगितली. क्लचच्या केबलपाशी ते थांबले. “दोनदा? जुनी टाकली का?” मुलाने भंगाराच्या खोक्यातून केबल शोधून आणली. त्यांनी पात्याने तिचे बाहेरचे वेष्टण उभे चिरले. आतली प्लास्टिकची नळी वितळून पोलादी तारेला चिकटली होती आणि तार जागोजाग निळसर झाली होती. “झिजलेली केबल तुटते, फादर. ही तुटलेली नाही, भाजलेली आहे.”

क्लचच्या केबलमधून वीज जात नाही. तिचा विजेशी काडीचाही संबंध नसतो. मग ती भाजली कशी?

हे कळण्यासाठी गाडीतील विजेची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. वीज बॅटरीतून निघते आणि काम करून बॅटरीतच परत येते. हे वर्तुळ पूर्ण झाले नाही तर दिवा पेटत नाही, मोटर फिरत नाही. घरात आपण जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक अशा दोन तारा टाकतो. गाडीत मात्र जाणारी तारच काय ती टाकलेली असते. परतीचा मार्ग म्हणून गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा उपयोग करतात. ही युक्ती मोटारगाडीपेक्षा जुनी आहे. 1838 साली म्युनिकच्या कार्ल श्टाइनहाइल यांनी दाखवून दिले की, तारायंत्रासाठी परतीची दुसरी तार टाकण्याची गरज नाही. दोन्ही टोकांना धातूचे पत्रे जमिनीत पुरले की भूमीच परतीचे काम करते. म्हणूनच या परतीच्या मार्गाला ‘अर्थ’ असे नाव पडले. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली, तिलाही वीज मिळाली ती वरच्या तारेतून. परतली ती पायाखालच्या रुळांतून. आपण रोज लोकलने प्रवास करतो तेव्हा डोक्यावरची तार सर्वांना दिसते. रूळदेखील त्याच वर्तुळाचा अर्धा भाग आहेत, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही.

मोटारीत आणखी एक अडचण असते. इंजिन सांगाड्याला थेट घट्ट जखडलेले नसते. त्याची थरथर प्रवाशांना जाणवू नये म्हणून ते रबराच्या आधारांवर बसवलेले असते, आणि रबर विजेला अडवते. तेव्हा इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक लवचीक पट्टी बसवतात. वीतभर लांबीची, काळवंडलेली, कुणाच्याही नजरेत न भरणारी ही अर्थची पट्टी म्हणजे इंजिनावरच्या प्रत्येक विजेच्या उपकरणाची परतीची वाट.

त्या वाटेवरचा सर्वांत मोठा प्रवासी म्हणजे सेल्फ. 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारून इंजिन फिरवण्याचे कष्ट संपू लागले. पण थंड इंजिन फिरवणे सोपे काम नव्हे. हेडलाइटचा एक दिवा चार-पाच अँपिअर प्रवाहात पेटतो. लहान गाडीचा सेल्फ त्या काही क्षणांत शंभर-दीडशे अँपिअर मागतो. जितका प्रवाह जातो तितकाच परत यावा लागतो. परतीची पट्टी धड नसेल तर तो प्रवाह वाटेल त्या आडवाटेने घरी जायचा प्रयत्न करतो. इंजिनाच्या बाजूने क्लचच्या दांड्याला आणि दुसऱ्या बाजूने सांगाड्याला टेकलेली पोलादी केबल त्याला सापडते. ती बिचारी पाय ओढण्यासाठी केलेली. तिच्या अंगावर विजेचा लोंढा येतो, ती तापते आणि तिचे अस्तर वितळते.

मिस्त्रींनी हे सारे सात-आठ वाक्यांत सांगितले आणि शेवटी म्हणाले, “थोडक्यात काय, फादर, या गाडीला अर्थच राहिलेला नाही.” ते विनोद करत नव्हते. धंद्यातला रोजचा शब्द वापरत होते. मी मात्र मराठीचा विद्यार्थी; ते वाक्य माझ्या मनात बराच वेळ घोळत राहिले.

अनुमान झाले, आता पुरावा हवा. त्यांनी एक जाड जंपर केबल घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावले, आणि मुलाला चावी फिरवायला सांगितली. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले. केबल काढली, इंजिन बंद केले, पुन्हा चावी फिरवली. ‘कट्’. पुन्हा केबल लावली, सुरू. जमलेल्या मंडळींना एवढ्याने समाधान झाले असते. मिस्त्रींना झाले नाही. त्यांनी मल्टिमीटर काढला.

येथे मला एक गोष्ट विचारावीशी वाटली. आधीच्या गॅरेजातही मल्टिमीटर होता. तिथल्या तरुण कारागिराने माझ्यासमोर त्याच पट्टीच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या होत्या. मीटरने ‘पीं’ असा आवाज केला होता आणि कारागिराने ‘अर्थ ओके आहे’ असा निर्वाळा दिला होता. मग?

मिस्त्री म्हणाले, “तो मीटर किती वीज पाठवतो, फादर? मुंगीएवढी. मुंगी तर एका धाग्यावरूनही जाते. तिला विचारून बैलगाडीचा पूल पास करायचा नसतो.”

या उत्तराच्या मागे जो नियम आहे, तो शोधणाऱ्याची कथा येथे सांगण्याजोगी आहे. गेओर्ग ओम हे जर्मनीतील एर्लांगेन गावच्या एका कुलूपकाराचे पुत्र. वडिलांनी स्वतःच्या हिमतीवर गणित शिकून ते मुलांना शिकवले होते. ओम पुढे कलोन येथील ‘जेझुइट जिम्नॅशियम’ या विद्यालयात गणित व भौतिकशास्त्र शिकवू लागले आणि तिथल्या प्रयोगशाळेत त्यांनी विजेचे प्रयोग केले. 1827 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तारेच्या दोन टोकांमधील व्होल्टचा फरक म्हणजे प्रवाह आणि तारेचा रोध यांचा गुणाकार, हा त्याचा गाभा. स्वदेशी विद्वानांनी त्याची उपेक्षा केली आणि ओम यांनी आपली जागा सोडली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1881 साली, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला त्यांचे नाव दिले.

आता हा गुणाकार आमच्या गाडीला लावून पाहू. मिस्त्रींनी मीटरची एक सुई इंजिनावर, दुसरी सांगाड्यावर ठेवली आणि मुलाला चावी फिरवायला सांगितली. या दोन जागांमध्ये फरक जवळजवळ शून्य असायला हवा. अर्धा व्होल्ट झाला तरी तो जास्तच म्हणायचा. मीटरने 5.8 दाखवले. त्याच क्षणी बॅटरीच्या टोकांवर 11.4 व्होल्ट होते. म्हणजे बॅटरीने देऊ केलेल्यापैकी निम्मे व्होल्ट परतीच्या वाटेवर खर्ची पडत होते आणि सेल्फच्या वाट्याला जेमतेम साडेपाच येत होते. तेवढ्यात इंजिन फिरणार कसे? सव्वाशे अँपिअरच्या सुमारास प्रवाह धरला, तर पट्टीचा रोध साधारण 0.05 ओम निघतो. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधही त्याहून जास्त असतो! त्या मीटरला ही पट्टी निर्दोषच वाटणार. तिला काही न मागता तपासले, तेव्हा ती उत्तीर्ण झाली. भार पडला तेव्हाच तिचे खरे रूप दिसले.

यानंतर उरलेली कोडी एकापाठोपाठ एक सुटत गेली. इंजिन सुरू करून हेडलाइट लावले. अल्टरनेटरच्या स्वतःच्या टोकांवर 14.3 व्होल्ट होते, बॅटरीवर मात्र 13.1. अल्टरनेटरही इंजिनावरच बसवलेला असल्याने त्याच्या विजेचे वर्तुळही याच पट्टीतून पुरे होते. मधले 1.2 व्होल्ट तिनेच गिळले होते. म्हणून बॅटरी कधी पुरती भरत नव्हती, आणि म्हणूनच ती ‘रात्री उतरते’ असा भास होत होता. उतरत नव्हती, मुळात भरतच नव्हती. तापमानाचा सेन्सरही इंजिनात खोचलेला. दिवे लावले की पट्टीतून जाणारा प्रवाह वाढे, इंजिन आणि सांगाडा यांच्यात व्होल्टचा फरक पडे आणि काटा इंजिनाच्या उष्णतेबरोबर हा फरकही मोजून दाखवी. सकाळी थंड इंजिनातले तेल दाट असते, ते फिरवायला अधिक प्रवाह लागतो, म्हणून सकाळचे रुसवे. दुपारी काम हलके, म्हणून दुपारची समजूतदारी. न सुरू होणारी गाडी, सरकणारा काटा, जळणारी केबल आणि अर्धी राहणारी बॅटरी या चार तक्रारींसाठी चार जागी चार पार्ट बदलले गेले होते. आजार एकच होता आणि तो या चारांपैकी एकाही जागी नव्हता.

बॅटरीचा ट्रे उचलून मिस्त्रींनी पट्टी सोडवली. तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या, बहुतेक तुटल्या होत्या. मोजक्या शिल्लक तारांवर सारा व्यवहार चालला होता. समुद्रकाठी हे होतेच. बोलोन्याच्या गॅल्व्हानींनी 1791 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून आणि व्होल्टांच्या 1800 सालच्या घटमालेवरून जे ज्ञान मानवाला मिळाले, तेच येथे उलट्या अंगाने प्रत्ययास येते: दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवावेत, मध्ये खारट ओल असावी, की त्यांची आपोआप एक चिमुकली बॅटरी होते आणि तिच्यात एक धातू झिजू लागतो. तांब्याची पट्टी, पोलादाचा सांगाडा आणि वसईची खारी हवा. लोखंड गंजते, तांबे हिरवे पडते.

पण खरा गुन्हा गंजाचाही नव्हता. पट्टीचे सांगाड्याकडचे टोक निघाले तेव्हा त्याच्याखाली रंगाचा जाड, चकचकीत थर दिसला. विकण्यापूर्वी गाडी रंगवताना कुणीतरी ती पट्टी सोडवली होती, तिची जागाही इतर अंगाबरोबर रंगवून काढली होती, आणि रंगावरच बोल्ट आवळून टाकला होता. रंग विजेला अडवतो. काही दिवस बोल्टच्या आट्यांमधून वीज कशीबशी वाट काढत राहिली. पावसाळ्यात त्या आटे गंजले आणि तीही वाट बंद होत आली. ज्या रंगामुळे गाडी आम्हांला पसंत पडली, त्याच रंगाने तिची परतीची वाट अडवली होती.

उपचार अर्ध्या तासाचा. पॉलिश पेपरने ती जागा चकाकीपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून नवी पट्टी आवळली, वरून ओल लागू नये म्हणून व्हॅसलीन लावले. पुन्हा मीटर लावला: चावी फिरवताना 0.2 व्होल्ट. पट्टी, नवी क्लच केबल आणि मजुरी मिळून नऊशे रुपये झाले. त्यांपैकी पट्टीचे अडीचशे.

महिन्याची मुदत संपण्याच्या आधीच मंडळाची बैठक भरली. मी ती चिरलेली केबल टेबलावर ठेवली आणि काय घडले ते सांगितले. सर्वांनी ती हातात घेऊन पाहिली. ज्या ज्येष्ठ सभासदांनी संशय बोलून दाखवला होता, ते उठले, बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलाला त्यांनी आत बोलावले आणि सर्वांच्या देखत त्याला म्हणाले, “बाळा, माझं चुकलं. तुझं ऐकायला हवं होतं.” बोललेला शब्द मागे घ्यायला जे धैर्य लागते, ते त्या वयात दाखवणारी माणसे थोडी असतात; त्यांच्याविषयीचा माझा आदर त्या दिवसापासून वाढला. मुलगा गोंधळला. काय बोलावे हे त्याला सुचेना. मग माझ्याकडे वळून त्याने विचारले, “फादर, म्हणजे आता रात्री टर्मिनल काढायला नको ना?”

तो पुढे दोन वर्षे ती गाडी चालवत होता. 2020 साली तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरली आणि ती निवृत्त झाली. तोवर सेल्फने पुन्हा कधी तोंड फिरवले नाही. आज तो मुलगा स्वतःची टॅक्सी चालवतो. बहिणीचे शिक्षणही पूर्ण झाले.

या प्रसंगाचा मी पुष्कळदा विचार केला आहे. आपल्या घरांत, संस्थांत, मंडळांत काही बिनसते तेव्हा आपण जिथून आवाज येतो तिथेच हात घालतो. कुणी चिडचिडा झाला तर त्याला दटावतो, कुणी कामात अडखळला तर त्याला बदलतो. जी केबल भाजली, ती दुसऱ्याच कुणाचा भार वाहताना भाजली असेल, हे सहसा आपल्या मनात येत नाही. जाणाऱ्या वाटेकडे सर्वांचे लक्ष असते: किती दिले, कुणाला दिले, कुणी दिले. परतीच्या वाटेचा हिशेब कुणी ठेवत नाही. गाऱ्हाणे सांगायला आलेल्याचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचतात का, खालच्या माणसाचे म्हणणे वर येते का, हे तपासायचे तर आपण तेही निवांत वेळी, काहीच पणाला लागलेले नसताना तपासतो. आणि ‘सर्व ठीक आहे’ असा निर्वाळा देतो. मंडळात मुलाला बोलण्याची मनाई कधीच नव्हती. पण भार पडला त्या दिवशी त्याचे पंधरा रात्रींचे काम बैठकीच्या दारापर्यंतसुद्धा पोहोचले नव्हते.

असो. ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी मिस्त्रींनी जाताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्या त्यांच्या नावाने नव्हे, पण त्यांच्याच शब्दांत पुढे देतो. पावसाळा संपला की एकदा अर्थच्या सगळ्या पट्ट्या सोडवून, घासून, पुन्हा आवळाव्यात, आणि मीटर लावायचा तो चावी फिरवताना लावावा. दुसरी गोष्ट, बदललेला जुना पार्ट लगेच भंगारात टाकू नये. काही दिवस जपून ठेवावा. कधी कधी तोच एक साक्षीदार उरलेला असतो.